तारीख पुढे ढकलली आहे

जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेली, कुणालाही मोफत मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम घरच्या कॉम्प्युटरवर घालायची, हे यजमानांनीच ठरवलं. पोस्टात बावीस वर्षं तारखेचे शिक्के मारलेला माणूस! दर सहा महिन्यांनी ठरल्या दिवशी नवी आवृत्ती येते, एवढ्यावरच ते भाळले. (न्हाणीघरातला गळका नळ मात्र त्यांच्या कुठल्याच वेळापत्रकात बसत नव्हता.)

त्या गुरुवारी सकाळी सूचना आली : ‘काही चुका सापडल्या आहेत. आवृत्ती दोन आठवडे पुढे ढकलली आहे. आणखी चूक आढळल्यास कळवा.’

“विश्वासच उडाला माझा!” ते गरजले. त्या मंडळींच्या मराठी चर्चापानावर, चारचौघांना दिसेल असं खरमरीत पत्र धाडून दिलं आणि चाचणीसाठी ठेवलेली कच्ची आवृत्तीच उतरवून घेतली.

“अहो, कच्ची आहे म्हणतायत ना ते?” लोकर गुंडाळत बायको म्हणाली.

“त्यांना काय कळतंय! पाच मिनिटांचं काम.”

पाचव्या मिनिटाला स्क्रीन काळी ठिक्कर.

तिचे हात थांबले. आईचे विणकामाचे एकशेबारा नमुने तिने वर्षभर बसून कॉम्प्युटरवर उतरवले होते. मूळ वही त्यानंतर वाळवीने खाल्लेली. दुसरी प्रत नाही, आणि शनिवारी छापखान्यात द्यायचे होते.

“आईचे नमुने?”

“आहेत गं. आत आहेत.”

“आत म्हणजे कुठे?”

“आत म्हणजे... आतच.”

तिने डोळे मिटून क्षणभर हात जोडले. “विचारा त्या लोकांना.”

“कुठल्या तोंडानं? सकाळीच त्यांना बिनकामाचे म्हटलंय!”

शेवटी तिनेच आपल्या मोबाइलवरून त्या पानावर लिहिलं : ‘नमस्कार. आमच्या ह्यांनी घाई केली. स्क्रीन काळी झाली, हे पांढरे पडले. आईचे नमुने आत अडकलेत. काय करू?’

दहा मिनिटांत कुणा अनोळखी माणसाचं उत्तर : ‘ताई, घाबरू नका. नमुने सुखरूप असणार. शिफ्टचं बटण दाबून धरून मशीन सुरू करा. यादी येईल, त्यातली जुन्या आवृत्तीची ओळ निवडा. अहो, याच चुकीसाठी तर तारीख पुढे ढकलली!’

यादी आली. जुनी ओळ निवडली. बाळाच्या टोपीचा पहिला नमुना दिसला आणि तिचे डोळे भरून आले. सगळ्या नमुन्यांची प्रत पेनड्राइव्हवर घेईपर्यंत तिने त्यांना खुर्चीजवळ फिरकू दिलं नाही.

“अजून तयार नाही, असं मोकळेपणानं सांगतात, त्यांच्यावर माझा तर विश्वास बसला बाई,” ती म्हणाली. कोण कुठली माणसं, ना ओळख ना देख. देवाला आज सवड नसावी, म्हणून त्याने यांना पाठवलं असणार.

तिने मनापासून आभार लिहिले. खाली एक ओळ जोडली : ‘आणखी चूक आढळल्यास कळवा म्हणता, म्हणून कळवते : ह्यांची घाई.’

ते खांद्यावरून वाचतच होते. उत्तर लगेच आलं :

‘ताई, नोंद घेतली. ही चूक फार जुनी आहे, आमच्याही घरी आहे. दुरुस्तीची तारीख देता येत नाही.’