उत्तम प्रश्नाला तीस गुण

प्रश्न विचारणं हे जिवंत मनाचं लक्षण आहे, हे सर्वांना मान्य आहे. तरीही कुणी विचारत नाही, म्हणून त्याला गुण ठेवावे लागतात.

गोखिवऱ्याच्या एका पतपेढीत खिडकीवर बसणारे आलोशियस लोपीस एकावन्नाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थी झाले, ते काही ज्ञानाच्या ओढीने नव्हे. 'डिजिटल कार्यालय' या ऑनलाइन वर्गात जो नापास होईल त्याची बदली तळघरातल्या जुन्या कागदांकडे, असं साहेबांनी प्रेमाने सांगितलं होतं. तळघराला खिडकी नव्हती. (म्हणजे गिऱ्हाईक नाही, गप्पा नाहीत, राजोडीला आज पापलेट काय भावाने गेलं ते कळायची सोय नाही.)

वर्ग रविवारी, चर्चमध्ये मिस्सा आटोपल्यावर. लेखी परीक्षेत आलोशियस काठावर लोंबकळत होते. उरले 'उत्तम प्रश्न विचारणे' याचे तीस गुण. त्यांनी वर्गातल्या सव्वाशे प्रौढांचा रीतसर अभ्यास केला. निष्कर्ष असा : उत्तम प्रश्नाचं उत्तर विचारणाऱ्याला ठाऊक असतं, सरांनाही असतं, आणि बाकीच्यांना ते नको असतं. प्रश्नात 'समग्र' आल्यास सर चष्मा काढतात. (दोनदा आल्यास पुसतातही.) न कळलेली गोष्ट विचारणं हा प्रश्न नसून कबुलीजबाब होय, आणि त्याची सोय चर्चमध्ये आहे.

"जे कळत नाय तेच विचार ना!" कांदा चिरता चिरता बायको डेल्फिन म्हणाली.

"म्हणजे सव्वाशे लोकांसमोर सांगू, मला कळत नाय?"

"मला सांगतोस तेव्हा?"

"तुला आधीच माहीत आहे."

त्यांनी प्रश्न रचला : 'माहितीच्या समग्र सुरक्षेत मानवी मूल्यांचं समग्र स्थान काय?' आठवडाभर आंघोळीतही घोकला.

शेवटच्या रविवारी त्यांनी हात वर केला आणि नेमका तोच प्रश्न विरारच्या सत्यवतीबाईंनी विचारून टाकला. (अभ्यास त्यांनीही केला होता.) 'समग्र' मात्र तीनदा. सव्वीस वर्षांच्या संग्राम सरांना चष्मा कुठे ठेवावा कळेना.

"वा, मॅडम! लोपीस काका, तुमचा हात वर आहे. बोला."

डोळ्यांसमोर तळघर आलं. तोंडातून मात्र इतकी वर्षं दडपलेलं बाहेर पडलं :

"सर, मी रोज लोकांना सांगतो, सर्व्हर डाऊन आहे. तर सर्व्हर म्हणजे नक्की काय? आणि असतो कुठे?"

संग्राम सर अर्धवट उघड्या तोंडाने गोठले. (नेटवर्क. मागचा पंखा मात्र फिरत होता.) मागून त्यांची आई आली.

"संग्राम, भेंडी करू की गवार? अरे, पुतळा काय झालायस?"

आईने खांदा हलवला. खांदा हलला, चेहरा नाही. सत्यवतीबाई पदर सावरता सावरता थिजल्या. मग एकेक करत सगळे चौकोन थिजले. एकाच्या मांडीवरचं मांजर तेवढं प्रामाणिकपणे शेपूट हलवत राहिलं.

"आपलं नेट गेलं काय?" डेल्फिनने विचारलं.

"नाय," आलोशियस ओठ न हलवता म्हणाले. सौजन्य म्हणून तेही गोठले होते.

संध्याकाळी निकाल आला. तीसपैकी तीस. शेरा : 'प्रश्न सर्वोत्तम. उत्तराचा आग्रह नसल्यास उत्तीर्ण.'

आग्रह नव्हता. खिडकी वाचली. आता ते 'सर्व्हर डाऊन आहे' असं प्रमाणपत्रानिशी सांगतात, आणि लोक पूर्वीपेक्षा लवकर घरी जातात.

हसा, अवश्य हसा. फक्त त्याआधी सर्व्हर म्हणजे काय, ते शेजारी बसलेल्याला दोन वाक्यांत सांगा.

सांगा ना.

अहो, पापणी लवली तुमची. इथून दिसतंय.