हरलेल्यानं लिहायचं

माझे मोदक फुटले, तेव्हा घोरपडेकाका माझी मुलाखत घ्यायला आले.

साउथहॅम्प्टनच्या आमच्या मंडळाचा गणपती होता. एका शाळेचा हॉल भाड्यानं घेतलेला आणि त्यात उकडीच्या मोदकांची स्पर्धा. माझा कितवा नंबर आला ते सांगत नाही. एवढंच सांगते की आम्ही सात जणी होतो आणि सहा जणींना काही ना काही बक्षीस मिळालं. पहिल्या आलेल्या बाईंभोवती फोटो काढणाऱ्यांची झुंबड उडाली होती आणि मी कोपऱ्यात माझा डबा बंद करत होते. एवढ्यात कोट-टायमधले, आडव्या बांध्याचे, पन्नाशीला टेकलेले एक गृहस्थ खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. खिशातून छोटी वही काढली, पेनाचं टोपण उघडलं आणि म्हणाले, "हं. कशी हरलीस? सावकाश सांग. काही गाळू नको."

तो डबा यांच्याच डोक्यात घालावा असं मला वाटलं. पण माणूस थट्टा करत नव्हता. डॉक्टर पेशंटला विचारतो तसं विचारत होता. मी म्हटलं, "उकडीला पाणी कमी पडलं."

"कबूल?"

"कबूल."

त्यांनी ते लिहून घेतलं, उठले आणि थेट पहिल्या आलेल्या बाईंकडे गेले. "ती म्हणतीय पाणी कमी पडलं. खरं असंल तर इथं सही करा." त्या बाई माझ्याशी पुढे दोन वर्षं बोलत नव्हत्या.

सतीशनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, हॉस्पिटलात नोकरी लागल्यावर जे घर घेतलं होतं, त्याची एक भिंत शेजाऱ्यांशी सामाईक होती. ते शेजारी म्हणजे हेच घोरपडेकाका, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. ठाण्यातली चाळ सोडून सातासमुद्रापार यावं आणि भिंतीपलीकडे कोल्हापूरकर निघावा, याला काय म्हणायचं!

काका त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायचे. त्यांच्या पत्नी, मालतीकाकू, आम्ही येण्याच्या आदल्या वर्षी गेल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. घर लख्ख, बागेत मेथी, आणि तोंडात कायम एक वाक्य: "जिंकलेला काय सांगणार? हरलेल्याला विचार." हे ते नुसतं म्हणत नसत, पाळत असत. निवडणुकीचे निकाल लागले की पडलेल्या उमेदवाराचं भाषण शेवटपर्यंत ऐकत आणि निवडून आलेला बोलायला उभा राहिला की टीव्ही बंद. टेनिसची फायनल संपली की कप उचलायच्या आत उठून चहा टाकत. साउथहॅम्प्टन आणि पोर्टस्मथ ही दोन गावं फुटबॉलवरून एकमेकांचं तोंड बघत नाहीत. त्यांची मॅच झाली की सोमवारी लॅबमध्ये जे सुतकी चेहऱ्यानं बसलेले असतील त्यांच्याशेजारी काका डबा उघडून बसत. "आमचं कोल्हापूर-सांगलीच हाय हे," ते मला सांगत. "फक्त पाऊस जास्त."

हे सगळं खूळ आलं होतं एका वहीतून.

निळ्या कापडी बांधणीची, फूलस्केप आकाराची ती वही काकांच्या कपाटात धुतलेल्या टॉवेलात गुंडाळलेली असे. कोल्हापूरचं एक कॉलेज आणि सांगलीचं एक कॉलेज, मध्ये तास-दीड तासाचा एस.टी.चा रस्ता. दर वर्षी थंडीत या दोघांची फुटबॉलची मॅच व्हायची, एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे. आणि कुणा शहाण्या प्रोफेसरांनी पहिल्याच वर्षी नियम घालून दिला होता. मॅचची हकीकत हरलेल्या कॅप्टननं स्वतःच्या अक्षरात आठ दिवसांत लिहायची. मग वही जिंकलेल्या कॅप्टनकडे पाठवायची. त्यानं वाचून, पटली तर, खाली "बरोबर आहे" लिहून सही करायची. बस्स. त्यापलीकडे जिंकलेल्यानं एक अक्षर लिहायचं नाही.

म्हणजे या भांडणाचा सगळा इतिहास हरलेल्यांनी लिहिलेला होता. काका ती वही मला वाचून दाखवत आणि मी हसून हसून दमत असे. एका सांगलीकरानं लिहिलं होतं, "तिसरा गोल झाला तेव्हा आमचा गोलकीपर गोलमध्ये नव्हता. तो बांधावर ऊस खात होता. त्याला आम्ही मध्यंतरापासून पाहिले नव्हते." एका कोल्हापूरकरानं लिहिलं होतं, "रेफ्री त्यांच्या बाजूचे होते असे आम्ही ओरडलो. ते खोटे आहे. रेफ्री आमचेच गणिताचे सर होते." एका वर्षी म्हैस मैदानात बसली होती आणि ती कुणाची यावर अर्धं पान होतं. खाली सही: "बरोबर आहे. म्हैस आमची."

शेवटच्या पानाशी आलं की काका वही मिटत. शेवटची मॅच त्यांची होती. काका कोल्हापूरचे कॅप्टन, कोल्हापूर एक-शून्य हरलं. वही लिहायला त्यांच्याकडे आली आणि त्यांच्याकडेच राहिली. ते मुंबईला गेले, ती गेली. बोटीनं इकडे आले, ती ट्रंकेतून आली. तिकडे पुढेही मॅच होत राहिली म्हणे, पण नवी वही कुणी केली नाही.

"मग शेवटचं पान?" मी विचारलं.

"लिहितोय," काका म्हणाले आणि मेथी निवडायला लागले.

जिंकलेला कॅप्टन इनामदार. हे गृहस्थ काकांनंतर काही वर्षांनी इंग्लंडला आले आणि लंडनच्या कडेला इल्फर्डला एका शाळेत केमिस्ट्री शिकवायला लागले. कुणाकडून तरी नंबर मिळवून त्यांनी काकांना फोन केला. नमस्कार-चमत्कार नाही, पहिलं वाक्य, "वही कुठाय?" तेव्हापासून दर रविवारी अकरा वाजता फोन. रविवारी आमच्याकडे घड्याळ बघावं लागत नसे. काका फोनवर असे बोलत की वायर नसती तरी इल्फर्डला ऐकू गेलं असतं.

"लिहितोय म्हटलं की!... अरे, थ्रो-इन आमचा होता!... डोळं फुटलं होतं काय तुझं?... आमचाच!"

गोल झाला त्याच्या आधी बॉल बाहेर गेला होता. तो आत फेकायचा हक्क, म्हणजे थ्रो-इन, कोल्हापूरचा होता असं काकांचं म्हणणं, सांगलीचा होता असं इनामदारांचं. रेफ्रीनं दिला सांगलीला आणि त्यातून गोल झाला. चाळीस मिनिटं हेच. मग आवाज खाली येई आणि गुडघा, ब्लडप्रेशर, इल्फर्डला गवार मिळाली आणि इकडे का मिळत नाही, असलं काहीतरी ऐकू येई. इतकं असून दोघे भेटत मात्र नसत. कधी लंडनला लग्नाकार्यात समोरासमोर आलेच तर शेजारी शेजारी बसून मुकाट जेवत. "समोर आला की काय बोलायचं सुचत नाही," काका म्हणत.

माझं मत ठरलेलं होतं. कोल्हापूरकर तो, हार लिहायला हात उचलत नाही, दुसरं काय? एकदा मी तोंडावर बोललेसुद्धा. "काका, माझे मोदक फुटले तर तुम्ही पाच मिनिटांत कबूल करून घेतलंत. स्वतःची हार लिहायला तीस वर्षं?" ते उठून मेथीला पाणी घालायला गेले. मला नंतर वाईट वाटलं, पण तेव्हा बरं वाटलं होतं.

मग नव्वदनंतरच्या एका वर्षी मार्चमध्ये असा रविवार आला की अकरा वाजले, सव्वाअकरा झाले, भिंत गप्प. साडेअकराला काका स्लिपर घालून दारात. "सुलभा, तुमचा फोन चालू हाय का? लाइन गेली असंल." आमचा फोन चालू होता. त्यांचाही चालू होता, मी जाऊन पाहिलं. ते दिवसभर फोनजवळच्या खुर्चीवर बसून होते.

सोमवारी इनामदारांच्या मुलीचा फोन आला. छातीत दुखलं म्हणून हॉस्पिटलात नेलं होतं, आता घरी आणलंय, पुढच्या आठवड्यात बायपास. मंगळवारी सकाळी काका आमच्या दारात उभे, कोट-टायमध्ये. काखेत टॉवेलात गुंडाळलेली वही.

"तू गाडी चालवतीस की. इल्फर्डला चल."

एम ट्वेंटीफाइव्हवर, म्हणजे लंडनच्या रिंगरोडवर, नेहमीप्रमाणे सगळं ठप्प होतं. मी म्हटलं, "लिहून झालं एकदाचं?" त्यांनी वही उघडून शेवटचं पान माझ्यापुढे धरलं. गाड्या हलत नव्हत्या म्हणून मी वाचू शकले. अक्षर काकांचंच, पण तरुण. शाई विटून तपकिरी झालेली. खाली तारीख होती, मॅचनंतरच्या आठव्या दिवसाची.

"काका! हे तर तेव्हाच लिहिलंय!"

"आठ दिवसांचा नियम हाय. नियम मोडतो व्हय मी?"

"मग पाठवलं का नाही?"

"पाठवणार होतो. आज-उद्या करत राहिलो, तवर ह्यो परीक्षा देऊन गाव सोडून गेलता. पत्ता कुणाकडं नाही. मग इतक्या वर्षांनी फोन आला, वही कुठाय म्हणून. मी सहज म्हटलं, लिहितोय. दुसऱ्या रविवारी परत आला." ते समोरच्या लॉरीकडे बघत होते. "तुझी काकू गेली तेव्हा सगळे यायचे, व्हेरी सॉरी म्हणायचे आणि जायचे. रविवारी अकराला फोन वाजला. ह्यानं विचारलं, लिहिलंस का? मी म्हटलं, थ्रो-इन आमचा होता. पाऊण तास भांडला माझ्याशी. त्या महिन्यात तेवढंच एक माणूस माझ्याशी माणसासारखं बोललं, सुलभा. आता ह्यावर सही झाली, की त्यानं फोन कशापायी करायचा?"

 तीस वर्षांवरून मी त्यांना मारलेला टोमणा मला आठवत होता.

"आणि आज का देताय?"

"छाती फाडणारेत त्याची. जिंकला होता त्यो. लेखी मिळायला पाहिजे त्याला."

इल्फर्डला पोचल्यावर काका गाडीतून उतरेनात. वाचताना लिहिणाऱ्यानं समोर बसायचं नाही, असा म्हणे नियम होता. हा नियम मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. मी एकटीच आत गेले.

इनामदार खिडकीजवळ शाल पांघरून बसले होते. बारीक, गोरे, नाकावर चष्मा. वही त्यांनी दोन्ही हातांनी घेतली. शेवटचं पान वाचलं, मग दिव्याजवळ धरून पाहिलं. सारा जन्म केमिस्ट्रीत घालवलेला माणूस, त्याला शाईचं वय मी काय सांगणार!  मग एका ओळीवर बोट ठेवून त्यांनी मोठ्यानं वाचलं, "थ्रो-इन सांगलीचाच होता. मी जवळ होतो. मी पाहिले."

त्यांच्या मुलीनं पेन आणून दिलं. इनामदारांनी टोपण काढलं, पानावर हात टेकवला. मी जागच्या जागी चुळबुळत उभी. त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. रस्त्यापलीकडे माझ्या गाडीत काका थर्मास मांडीवर घेऊन ताठ बसलेले दिसत होते.

त्यांनी पेनाचं टोपण परत लावलं.

"सही करता येत नाही," ते म्हणाले. "हकीकत चुकीची आहे. थ्रो-इन कोल्हापूरचा होता."

"अहो, पण तुम्हीच तर इतकी वर्षं..."

"मी काय म्हणत होतो ते सोड. विचार केल्यावर मला आठवलं. त्यांचा होता. त्याला म्हणावं, खोटं लिहून वही नासू नकोस, पुन्हा नीट लिही. मी ऑपरेशन झाल्यावर बघतो." आणि वही मिटून त्यांनी माझ्या हातात दिली. "सावकाश लिही म्हणावं. घाई नाही."

मी गाडीत येऊन निरोप सांगितला.  काकांनी शेवटचं पान उघडून सही नसलेली जागा बोटानं चाचपली. मग कानापर्यंत लाल झाले. "आमचा? थ्रो-इन आमचा? मी समोर उभा होतो! सांगलीचा होता!" म्हणत ते दार उघडून उतरले आणि रस्त्याच्या मधोमध उभे राहून खिडकीकडे बघून ओरडले, "तुमचा होता, लेका! तुमचा!" खिडकीत शालीतून एक हात वर आला आणि नाही नाही म्हणून हलला. मागून येणाऱ्या गाडीनं हॉर्न दिला. काका डोळे पुसत होते आणि जागचे हलत नव्हते.

ऑपरेशननंतरचा पहिला रविवार गप्प गेला. दुसराही. काका दोन्ही दिवस बोलावूनही आमच्याकडे जेवायला आले नाहीत, फोन वाजेल म्हणून. तिसऱ्या रविवारी मी मुद्दाम भिंतीला लागून कणीक मळत बसले होते. अकरा वाजून दोन मिनिटांनी पलीकडे घंटी वाजली. एकदाच, पुरती वाजलीही नाही.

"लिहितोय!" काका ओरडले. "लिहितोय की!"