मारुतीरावांची उबदार फरशी

मारुतीरावांना आयुष्यात आता एकच गोष्ट हवी होती. मांडी घालून जेवायचं. उद्यमबागच्या फाउंड्रीत तीस वर्षं भट्टीसमोर उभे राहून ते निवृत्त झाले आणि गुडघ्यांनी संप पुकारला. बेळगुंदीच्या घरातल्या ग्रॅनाइटवर बसलं की गारठा थेट मानेपर्यंत चढायचा. उठवायला दोन माणसं लागायची. एकदा तर म्हणे म्हशीचं दावं लावून ओढलं.

बेळगावात नोकरी करणाऱ्या मुलानं, महादेवनं, तोडगा काढला. "आप्पा, माजघरात पाइनची फरशी घालूया. परदेशातनं मशिनी येत्यात न्हवं, त्यांची लाकडी खोकी फोडून फळ्या करणारी एक मिल हाय. एक झाड तोडत न्हाईत, काय वाया घालवत न्हाईत."

"ऊब असत्या व्हय?"

"लई."

फरशी बसली. पिवळीधमक. मारुतीराव धोतर सावरून आत पाऊल टाकणार, तोच दारात मिलचा टेम्पो थांबला आणि सोळा पोती उतरली.

"ह्ये काय रं?"

ड्रायव्हरनं कागद पुढं केला. "तुमच्या फळ्या कापताना, रंधा मारताना पडल्याला भुसा. जाळायचा न्हाई, टाकायचा न्हाई. कशाला वापरला त्येचा फोटो धाडायचा. महादेव साहेबांची सही हाय की."

महादेवनं मोबाइलमध्ये डोकं घातलं.

तेवढ्यात वळवाचं आभाळ भरून आलं. गोठा गळका, पडवीत शेणी रचलेल्या. कोरडी जागा एकच. सोळा पोती माजघरात छतापर्यंत गेली आणि मारुतीराव स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटवर परत आले.

भुसा म्हशीखाली अंथरला, तर ती अशी शिंकली की दुधाची बादली अंगणापलीकडं गेली. शेजारच्या नागुबाईंनी चिखलावर टाकायला एक पोतं नेलं. दुसऱ्या दिवशी ते परत आलं, सोबत आणखी एक.

"मालुआक्का, वाऱ्यानं उडून माझ्या वाळवणावर बसला की गं सगळा! ह्येच्यात झाडून भरल्याला भुसा हाय, ह्येच्यात माझं सांडगं हायत. तळलं तर पाटासारखं वाजत्यात. तुझं तूच ठेव."

"आता सतरा झाली," मालुबाई नवऱ्याला म्हणाल्या. मारुतीरावांनी नुसता सुस्कारा सोडला. त्यासाठी उठावं लागत नव्हतं.

शेवटी संकेश्वरचे व्याही, सुबराव, आपल्या लेकीला, महादेवच्या बायकोला, सासरी सोडायला आले. त्यांची पोल्ट्री होती. पोती बघून त्यांचे डोळे लकाकले. "पावणं, कोंबड्यांखाली अंथरायला ह्येच पायजे की!" सतराच्या सतरा घेऊन ते गेले, सांडग्यांसकट.

त्या दुपारी मारुतीरावांनी माजघरात मांडी घातली. तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि कुणाचा हात न धरता उठले. मालुबाईंनी दृष्ट काढली.

चाळीस दिवस हे सुख निर्धास्त चाललं. मग संकेश्वरहून टेम्पो आला. त्याच भुशाचं चौतीस पोती कोंबडीखत. मागोमाग सुबरावांचा फोन. "पावणं, तुमचा माल तुमास्नी पोचता केला. आमच्यातबी काय वाया घालवत न्हाईत."

"घरात न्हाई आणायचं!" मालुबाई दारात आडव्या आल्या. खत तसंच रताळ्यांच्या शेतात गेलं. मारुतीरावांना वाटलं, सुटलो.

पण रताळ्यांनी ते फारच मनावर घेतलं. काढणी आली, तर एकेक उकरायला दोन गडी लागले. बाजारात एक बाई लांबूनच म्हणाली, "ह्ये रताळं न्हवं, ओंडका हाय. कापायला मिल लागंल." एकही खपलं नाही. परत आणली, तर त्यांना कोरडी, उबदार जागा हवी.

महादेवनं वडिलांकडं पाहिलं. वडिलांनी माजघराकडं पाहिलं.

आठवड्यानं मिलमधून एका मुलीचा फोन आला. मारुतीराव तेव्हा ग्रॅनाइटवर जेवून, उठवणाऱ्यांची वाट बघत बसले होते.

"काका, फरशी कशी वाटली? काही तक्रार?"

"तक्रार कशाची, पोरी," मारुतीराव गुडघा चोळत म्हणाले. "ऊब लई हाय. रताळ्यांस्नी चांगली मानवल्या."