गोदामातली मनी

सर्व देशांचे हिशेब एकाच भाषेत मांडले जावेत असे जगाने ठरवले, तेव्हा पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यातले हिशेबनीस निवृत्तीला टेकले होते. शेवटच्या ताळेबंदावर सही करावी आणि अब्रूनिशी घरी जावे, एवढीच त्यांची इच्छा होती.

कारखान्यात उंदरांचा सुळसुळाट, म्हणून गोदामात एक मांजर पाळली होती. तिचे नाव मनी. तिच्या दुधाच्या खर्चाला आधार हवा, म्हणून हिशेबनिसांनी दरवर्षीप्रमाणे नोंद केली होती: 'मनी गोदामात आहे. यंदा चार पिल्ले.' नोंद शंभर टक्के खरी होती.

हिशेबांना जागतिक वळण लावायला एक सल्लागार आले. त्यांची मातृभाषा शाळेतच सुटली होती. त्यांनी नोंद दोनदा वाचली आणि मनी म्हणजे रोकड, पिल्ले म्हणजे परतावा, असे तिचे प्रमाणीकरण केले. वर्षात एकाचे पाच! अहवाल देशोदेशी गेला आणि कुत्रे मागे लागलेल्या मांजरासारखा शेअरचा भाव सरसर वर चढला.

हिशेबनिसांनी अहवाल वाचला. ते मालकांकडे धावले.

"साहेब, ती मांजर आहे हो."

मालकांनी आधी दार लावून घेतले. "कुणाकुणाला सांगितलंत?"

"फक्त बायकोला."

"मग त्यांनाही थोडे शेअर घ्यायला सांगा."

चूक दुरुस्त करायची तर सगळ्या देशांची संमती लागते आणि तिला सात वर्षे जातात, असे सल्लागारांनी शांतपणे समजावले. "नोंद बदलता येणार नाही," ते म्हणाले, "मांजर हलवता येईल."

त्याच संध्याकाळी मनीला पिल्लांसकट गोदामाबाहेर काढले. उंदीर परतले, त्यांनी पुठ्ठ्याची खोकी फस्त केली. ते नुकसान घसाऱ्यात बसले. आता राहिली फक्त सही, आणि सहीशिवाय निवृत्तिवेतन नव्हते. हिशेबनिसांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी डोळे मिटले आणि सही केली.

मनी हल्ली त्यांच्याच घरी असते. मांजर डोळे मिटून दूध पिते, या म्हणीवर त्या घरात आता कुणी हसत नाही. तिला पुन्हा दिवस गेले आहेत; मालकांनी 'यंदाही पिल्ले अपेक्षित' असे जाहीर केले आहे, त्यामुळे बाजारात तेजी आहे.

तुमची बचत ज्या फंडात आहे, त्याने हे शेअर भरपूर घेतले आहेत. तसे पत्रक तुम्हाला आले होते. त्याच्या तळाशी 'वाचले, समजले' असे छापलेले आहे, आणि त्याखालची सही तुमची आहे.