मागं कोण ऱ्हायलं का?

जळोचीचा आमचा हरिबा पहिला घास उचलायच्या आधी मान वळवून मागं बघतो आणि विचारतो, "मागं कोण ऱ्हायलं का?" घरात एकटा असला तरी.

लग्नात अंतरपाट धरलेला, अक्षता मुठीत भिजून त्यांचा भात व्हायला आलेला, आणि हा मांडवाच्या दारातनं हाळी देणार. एकदा नवरदेवाच्या मित्राचा मेव्हणा फटफटीवर दिसला, तेव्हा कुठं मंगलाष्टका सुरू झाल्या.

तीस वर्षं हा बारामती-इंदापूर एसटीवर कंडक्टर होता. बांधावरनं कुणी हात केला की याचा हात डबल बेलच्या दोरीवरनं खाली. पिशवीवाली म्हातारी पायरी चढेपर्यंत गाडी हलायची नाही. बारामतीत बसताना लावलेल्या उसाला इंदापुरात उतरताना तुरा आलेला मी स्वतः पाहिलाय. उशिराबद्दल साहेबांनी इतके मेमो दिले, की वहिनींनी त्यावर दोन पावसाळे चूल पेटवली.

यंदा आमच्या दहावीच्या वर्गानं शाळेतच गेट-टुगेदर ठरवलं. प्रत्येकानं उठून आयुष्यात काय मिळवलं ते सांगायचं. हरिबा सकाळीच माझ्या दारात.

"बाळ्या, मी काय सांगू रं? कुणाचा पंप हाय, कुणाचा दवाखाना. माझ्याकडं नुसतं मेमो."

"मग मेमो वाच की."

"तू गप."

पंपवाल्यानं पंप सांगितले, डॉक्टरनं दवाखान्याचे मजले. हरिबा उठला, टोपी दोनदा काढून दोनदा घातली, "मी कंडक्टर व्हतो," म्हणाला आणि बसला. कुणीतरी एक टाळी वाजवली, तीही अर्धीच.

मग फोटो. फोटोग्राफर 'रेडी' म्हणाला आणि हरिबा उठला. "थांबा. मागं कोण ऱ्हायलं का?"

सगळे हसले. हा फाटकापर्यंत गेला आणि एका म्हाताऱ्याला हाताला धरून घेऊन आला. आमच्या वेळचे शिपाई, गेनूकाका. पोरं आलीत ऐकून सकाळपासनं बाहेर बसले होते. बोलावलं कुणीच नव्हतं.

"मेंढरं सोडून यायला मला रोज उशीर व्हायचा," हरिबा म्हणाला. "ह्ये फाटकाचं कुलूप हातात धरून माझी वाट बघायचं. म्हणून मी दहावी झालो."

"ह्याच्यापायी हेडमास्तरच्या लई शिव्या खाल्ल्या," गेनूकाका म्हणाले.

"आन् मी मेमो," हरिबा म्हणाला. "तुमचंच काम पुढं केलं, काका. दुसरं काय मिळवलं न्हाय."

डॉक्टर मधल्या खुर्चीवरनं उठला.

तो फोटो माझ्या भिंतीवर आहे. मधल्या खुर्चीत गेनूकाका, भोवती आम्ही पोट आत ओढून कॅमेऱ्याकडं बघतोय. हरिबा तेवढा मान वळवून फाटकाकडं.