शेलारकाकांचं बेट

शेलारकाकांशी तुम्ही कशाहीबद्दल बोला, तिसऱ्या वाक्याला ते त्रिस्तान द कुन्याला पोचतात. हे अटलांटिकच्या मधोमध असलेलं ज्वालामुखीचं बेट. काका तिथे कधी गेलेले नाहीत. पण माझं पार्सल उशिरा आलं की म्हणतात, "त्रिस्तानला महिनोन् महिने बोट येत नाही." मी बटाटे आणले की तिथले बटाटे निघतात.

काका आमच्या डोक्यावरच्या घरात एकटेच राहतात. इथे जर्मनीत, स्टुटगार्टमध्ये, गाड्यांचे गिअर करण्यात त्यांचा जन्म गेला. बेटाचा इतिहास मला पाठ झालाय. दोनेकशे वर्षांपूर्वी इंग्रजांची फौज तिथून निघाली, एक सैनिक बायकापोरांसह मागे राहिला, फुटलेल्या जहाजांवरचे खलाशी येऊन मिळाले आणि गाव झालं. मग एकदा गावाला लागूनच ज्वालामुखी फुटला. अख्खं गाव बोटीतून निघून इंग्लंडला गेलं. तिथे घरं, नोकऱ्या, टीव्ही, सगळं मिळालं. तरी दोनेक वर्षांत बहुतेक जण परत. "आल्झो, मग परतले की नाही?" असं विचारून काका थांबतात. "परतले" म्हटल्याशिवाय जिन्यातून सुटका नाही.

गेल्या ऑक्टोबरात आमच्या स्टेशनजवळच्या खोदकामात महायुद्धातला बॉम्ब सापडला. इथे हे अधूनमधून होतं. तो निकामी होईपर्यंत घरं रिकामी करून शाळेच्या जिममध्ये बसायचं. मी पासपोर्ट, औषधं, पोळीभाजी घेऊन तयार होते. तळमजल्यावरच्या फ्राऊ केलर, म्हाताऱ्या बाई, मात्र खुर्चीतून उठेनात. लहानपणी, युद्धात, त्यांना असंच घराबाहेर काढलं होतं. परत आल्या तेव्हा घरच नव्हतं. मी समजावून दमले. दारातला पोलीस म्हणाला, आता उचलूनच न्यावं लागेल.

तेवढ्यात काका आले, त्यांनी स्टूल ओढलं आणि मराठी हेलाच्या जर्मनमध्ये त्रिस्तान सुरू केलं. मी कपाळाला हात लावला. काकांनी फौजेपासून सुरुवात केली होती. पण बाई ऐकत होत्या. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, की घरं राहिली होती का? काका म्हणाले, लाव्हा शेजारून गेला, घरं होती.

बाई उठल्या. दाराबाहेर त्यांनी किल्ली काकांकडे दिली आणि काकांनी कुलूप लावलं.

जिममध्ये पोळीभाजी वाढताना मी विचारलं, "काका, जगात एवढी बेटं आहेत, मग हेच का?"

"ते बेटावरचे लोक बोटीत बसले ना, सुनीता, त्याच सुमारास आमचं गाव कोयनेच्या धरणात गेलं. मी लहान होतो. निघताना वडिलांनी दाराला कुलूप घातलं." ते जरा हसले. "पाणी येणार होतं, आणि कुलूप."

मग भाजीत मीठ कमी आहे म्हणाले.

संध्याकाळी बॉम्ब निकामी झाल्याचं कळलं. आम्ही आलो तर इमारत जिथल्या तिथे, सायकलीसुद्धा. हुश्श करून मी आधी चहा टाकला. फ्राऊ केलरच्या घरातला दिवा लावून काका वर गेले. मग डोक्यावर त्यांचं दार वाजलं. उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. एरवी मी झाडूच्या दांड्याने छताला ठोकलं असतं.

त्या दिवशी चहात आणखी कपभर पाणी टाकलं आणि वर जाऊन, त्यांनी विचारायच्या आत सांगितलं, "परतलो, काका. चहाला चला."