हलू नका, फिल्टर मोजतोय!

मापाच्या बाबतीत मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही! म्हणून साहेब जेव्हा म्हणाले, "दुपारी गिऱ्हाईक येतंय. माप चुकलं तर ऑर्डर गेली आणि बाईंची सगळी मेहनत पाण्यात!" तेव्हा मी छाती ठोकून म्हणालो, "साहेब, निर्धास्त राहा!"

बाई म्हणजे आमच्या फिल्टरची आईच, डिझाइन त्यांचंच. तिळाएवढा फिल्टर, पण फोनमध्ये बसला की सिग्नलचं कंपन करून हवी ती लहर पुढे सोडतो, बाकीच्यांना दारातूनच हाकलतो!

मापाचं मशीन जुळवलं, फिल्टर साच्यात बसवला. पडद्यावरच्या आलेखात सपाट माथ्याचा डोंगर दिसायला हवा होता. दिसली करवत!

"माझा फिल्टर असा नाही!" बाई कडाडल्या.

"माझं मापसुद्धा असं नाही!" मी.

शेवटी चोर सापडला. मशीन आणि फिल्टर जोडणारी केबल! ती केसभर हलली की आलेख नाचायचा. एसीच्या वाऱ्याने झुलते म्हणून एसी बंद केला, तर फिल्टर तापला आणि अख्खा डोंगरच शेजारी सरकला! एसी परत लावला. केबल चिकटपट्टीने टेबलाला जखडली, जोड पान्याने आवळले, मशीन पहिल्यापासून जुळवलं.

"आज एक तर आलेख सरळ होईल, नाही तर मी!" मी गरजलो. "कोणी हलायचं नाही!"

साहेब, बाई आणि मी, तिघंही श्वास रोखून, माना खाली घालून त्या तिळाकडे बघत उभे राहिलो. तेवढ्यात दार उघडलं. गिऱ्हाईक! आम्हाला बघून ते दचकले, हळूच माझ्या शेजारी आले आणि हात जोडून, मान खाली घालून उभे राहिले.

थोड्या वेळाने हलक्या आवाजात म्हणाले, "कोण गेलं हो?"

"अजून कोणी नाही," मी ओठ न हलवता म्हणालो. "पण तुम्ही हललात तर जाईल!"

बिचारे पुतळा झाले. आणि पडद्यावर उमटला डोंगर! बाईंनी कागदावर काढला होता, अगदी तस्सा! बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तेसुद्धा त्यांनी पुसलं नाही, हात हलेल म्हणून!

गिऱ्हाइकांनी बराच वेळ आलेख निरखला. "वा! फिल्टर उत्तम आहे," ते म्हणाले. मी कॉलर ताठ केली.

"फक्त एक शंका. हा फोनमध्ये बसवल्यावर माणसाने चालत बोललं तर चालेल ना?"